लवकर गुण देणारी नैराश्याची औषधं (केटामाइन वगैरे): गावाकडं कुणाचा अनुभव आहे का?

टिपेश्वर
नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ पांढरकवड्याजवळ आमच्या गावी असतो. वय सेहेचाळीस, कोरडवाहू शेती, पऱ्हाटी अन् तूर. बरीच वर्षं नैराश्यानं आजारी आहे. पहाटे तीनला झोप मोडते ती पुन्हा लागत नाही, जेवणावर वासना नाही, वावरात जातो आणि धुऱ्यावर नुसता बसून राहतो. आधी एस्सिटालोप्राम, मग व्हेनलाफॅक्सिन, दोन्ही पूर्ण डोसमध्ये आणि पुरेसे महिने घेऊन झालं. गोळ्या वहिनी स्वतःच्या हातानं देते, म्हणजे चुकवल्या असंही नाही.

आता नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी केटामाइन सुचवलंय. आठवड्यातून दोनदा सलाईनमधून, काही आठवडे. हे औषध मेंदूतल्या ग्लुटामेट नावाच्या रसायनाच्या वाटेनं काम करतं, नेहमीच्या गोळ्यांसारखं सेरोटोनिनच्या नाही, आणि गुण यायचा असेल तर एक-दोन दिवसांत कळतो, असं ते म्हणाले. आई म्हणते भुलीचं औषध अशा माणसाला कशाला. वहिनी विचारते पेरणीपर्यंत उभा राहील का. मला दोघींना उत्तर द्यायचं आहे आणि माझ्याकडं ते नाही.

कुणी घेतलंय का? गुण टिकतो का? दीडशे किलोमीटर जाऊन-येऊन करण्याइतका फायदा आहे का? सरळ सांगा, धीर द्यायला म्हणून गोड बोलू नका.

पऱ्हाटी
भाऊ, थे केटामाइन म्हणजे जनावराच्या डाक्टरकडं असते थेच काय? आमच्याकडं बिबट गोठ्यात शिरला तवा वनखात्यानं बंदुकीतून सुई मारली होती, थ्याच्यात हेच होतं म्हणे. तुमच्या मायचं भेव खोटं नाई.

भूल_गडचिरोली
पऱ्हाटीभाऊ, हो, तेच. बिबट्या-वाघ बेशुद्ध करताना बहुतेक वेळा झायलॅझिनसोबत केटामाइनच देतात. पण म्हणून ते जनावरांचं औषध ठरत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, अर्धी नोकरी ग्रामीण रुग्णालयात गेली. हे औषध मला घरच्या माणसाइतकं ठाऊक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९६२ साली पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवलं. १९७० मध्ये अमेरिकेत भुलीसाठी परवानगी मिळाली आणि व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांवर ते भरपूर वापरलं गेलं. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कारण साधं आहे. याच्या भुलीत माणसाचा श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही. जिथं व्हेंटिलेटर नाही, वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथं भाजलेल्या लेकराचं ड्रेसिंग असो की मोडलेलं हाड बसवणं असो, आम्ही याच्याच भरवशावर कामं केली. टिपेश्वर, तुमच्या आईला सांगा की जवळच्या सरकारी दवाखान्याच्या शस्त्रक्रियागृहात ही बाटली कित्येक वर्षांपासून कपाटात आहे.

नैराश्यासाठी देतात तो डोस भुलीच्या डोसपेक्षा बराच कमी असतो आणि साधारण ४० मिनिटांत हळूहळू सोडतात. माणूस झोपत नाही. पण रक्तदाब चढतो, मळमळ होते, आपण आपल्या शरीरापासून वेगळे झालोय असं काहींना वाटतं. ते सहसा दोन तासांच्या आत ओसरतं. तेवढा वेळ रक्तदाब आणि ऑक्सिजन बघणारं माणूस शेजारी हवं. ही सोय नाही तिथं हे घेऊ नका, मग फी कितीही कमी असो.

जया_आर्वी
माझ्या धाकट्या बहिणीला दिलं आहे. लिहू की नको असा विचार करत होते, पण तुम्ही सरळ सांगा म्हणालात म्हणून लिहिते.

तिला दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं ते गेलंच नाही. गोळ्या बदलल्या, वाढवल्या. मरणाचे विचार येतात हे तिनं आईला नाही, मला नाही, गावातल्या आशाताईंना सांगितलं. तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं.

पहिल्या सलाईनच्या वेळी मी शेजारी होते. थोड्या वेळानं म्हणाली, ताई, छत वर वर चाललंय. मग म्हणाली, हे हात माझे नाहीत. मी घाबरले, सिस्टर शांत होत्या. मधेच खोलीत कोणीतरी मोठ्यानं फोनवर बोललं तर ती दचकून रडायला लागली. त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की खोली शांत मिळेल का हे आधी विचारा. आम्ही पुढच्या वेळेपासून तिच्या कानाला गाणी लावून दिली, बराच फरक पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपणहून वेणी घातली आणि मुलाला दूध दिलंत का असं विचारलं. कित्येक महिन्यांत तिनं स्वतःहून काही विचारलं नव्हतं. आनंद वगैरे नव्हता तो. तिच्याच शब्दांत सांगते: "छातीवरचं उतरलं, पण अजून हसू येत नाही."

आणि आता दुसरी बाजू. आठवडा उलटायच्या आत ते ओसरायला लागलं. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, पण आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की आपल्या माणसाचं तसं होणार नाही. मग पूर्ण फेरी घेतली, सोबत गोळ्या चालू ठेवल्या, समुपदेशन लावलं. आज ती ठीक आहे. शंभर टक्के नाही. खर्च सगळा खिशातून, त्यात गाडीभाडं औषधाच्या बरोबरीनं.

नागपुरी_संत्रा
जयाताई, मनापासून लिहिलंत. बहिणीला नमस्कार सांगा.

मास्तर_दर्यापूर
माझं मत वेगळं आहे आणि ते कडू लागेल. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागलं तरी ते पिकाला चालत नाही. कापसाला भाव नाही, बोंडअळी आहे, बँकेचं थकलेलं आहे, पोरीचं लग्न आहे. या माणसाच्या मेंदूत ग्लुटामेट शोधायचं? त्याच्या सात-बारावरचा बोजा शोधा. कर्ज उतरलं की कितीतरी माणसं आपोआप उठून बसतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आत्महत्यांच्या प्रश्नाचं रूपांतर आजारात केलं की सरकार मोकळं, बाजार मोकळा, दोष शेतकऱ्याच्या डोक्याचा. ४० मिनिटांच्या सलाईननं सोयाबीनचा भाव वाढणार आहे का?

टिपेश्वर, तुमच्या भावाबद्दल हे नाही. पण "नवीन औषध आलं" या आनंदात मला सामील होता येत नाही.

पऱ्हाटी
मास्तर बरोबर बोलून रायले. भाव द्या, आदी भाव द्या.

आशा_तिवसा
मास्तर, तुमचा राग मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. मी रोज घरोघर फिरते. एकाच आळीत तेवढंच कर्ज असलेली चार घरं असतात. तीन माणसं वैतागतात, भांडतात, शिव्या घालतात, पण सकाळी उठून डवरणीला जातात. चौथा उठतच नाही. त्याला भाव मिळाला तरी तो विकायला जायचा नाही, कारण अंगात तेवढं बळच उरलेलं नसतं. त्याचं कर्जही खरं आहे आणि आजारही खरा आहे. आणि ज्यांच्यावर एक रुपया कर्ज नाही अशा घरांत, बायकांत तर जास्तच, हा आजार मी पाहते. त्या बायकांची नोंद कोणत्या बोजात करायची?

आपल्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला होता. मोठं औषध काहीच नव्हतं. गावातलेच लोक तयार केले, घरोघर बोलले, मानसिक प्रथमोपचार दिले, गरज असेल त्याला पुढं पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचाराला जाणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानंतर २७.२ टक्के झाले. मरणाचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. २०१७ साली हे लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलं.

उलट बाजूनं बघा. आधी शंभरातले पंच्याण्णव लोक साधी गोळीसुद्धा घेत नव्हते. माझ्या भागात "औषधानं गुण आला नाही" असं सांगणाऱ्यांतले बरेच जण पंधरा दिवसांत गोळी सोडलेले असतात. साध्या गोळीला दोन ते सहा आठवडे लागतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. टिपेश्वर दादांच्या भावाचं तसं नाही, वहिनींनी गोळ्या नीट दिल्यात. त्यांचा प्रश्न खरोखर पुढच्या उपचाराचा आहे.

मास्तर_दर्यापूर
आशाताई, तीन वैतागतात आणि चौथा उठत नाही हे मान्य. पण त्या तिघांपैकी पुढच्या वर्षी चौथा कोण होणार हे भावावर ठरतं, एवढं माझंही लिहून घ्या.

आशा_तिवसा
लिहून घेतलं. यात भांडण नाही.

मेंदूचा_विद्यार्थी
मूळचा अचलपूरचा, सध्या बाहेर मज्जासंस्थेवर पीएचडी करतोय. ग्लुटामेटचं थोडं सांगतो, कारण "रसायन कमी पडलं, ते भरलं" असा समज असतो आणि इथं तो चुकीचा ठरतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना "चालू हो" असा निरोप देतात तो मुख्यतः ग्लुटामेटनं. "थांब" हा निरोप गाबा नावाच्या रसायनानं. ग्लुटामेटचा निरोप घेणाऱ्या जागांपैकी एक म्हणजे एनएमडीए ग्राही. केटामाइन ती जागा अडवतं. मग प्रश्न पडतो की चालू करणारा निरोप अडवून माणूस चालू कसा होतो? सर्वात जास्त मानलं जाणारं उत्तर असं: कमी डोसमध्ये केटामाइन आधी "थांब" म्हणणाऱ्या पेशींनाच गप्प करतं. वावरातल्या राखण्याला डुलकी लागावी आणि पाखरांचा थवा एकदम उतरावा, तसा ग्लुटामेटचा लोंढा काही वेळ सुटतो. तो एएमपीए नावाच्या दुसऱ्या ग्राहीवर पडतो, त्यातून बीडीएनएफ हे पेशींना वाढवणारं प्रथिन सुटतं आणि पेशींमधले जोड पुन्हा वाढू लागतात.

येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ड्युमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात हे नवे जोड दाखवले. २०१९ च्या एका प्रयोगातली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ताण दिलेल्या उंदरांचं वागणं केटामाइननंतर काही तासांतच सुधारलं, पण नवे जोड त्यानंतर, बारा-चोवीस तासांत उगवले. ते जोड मुद्दाम नष्ट केले तर सुधारणा टिकली नाही. म्हणजे उठवण्याचं काम एक यंत्रणा करते, टिकवण्याचं दुसरी. जयाताईंच्या बहिणीला आठवड्यात परत का वाटायला लागलं याचं उत्तर कदाचित तिथं आहे. माणसाच्या मेंदूत सगळं असंच घडतं हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय.

एक गंमत: मेमँटिन हे विस्मृतीच्या आजारात देतात ते औषधही एनएमडीए अडवतं, पण नैराश्यात त्याचा उपयोग दिसला नाही. तेव्हा नुसती जागा अडवून भागत नाही.

पारावरचा
आमच्या चौकातल्या मंचुरियनवाल्याकडं अजिनोमोटो असतो, ते पण ग्लुटामेटच ना? मग आमचं आख्खं मित्रमंडळ एवढं आनंदी का असतं ते आज कळलं.

मेंदूचा_विद्यार्थी
हाहा. पारावरचे, रसायन तेच. पण खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक आतड्यातच खपतं, आणि रक्तात आलं तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते फारसं आत जाऊ देत नाही. आनंदाचं श्रेय मित्रांना द्या.

सोयाबीन_वाशीम
खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फान पण याच प्रकारात येतं असं वाचलं. खरं का? मग साधी बाटली...

औषधवाला_पुसद
सोयाबीनभाऊ, तिथंच थांबा. मी मेडिकल स्टोअर चालवतो, म्हणून ठामपणे सांगतो. अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फान आणि ब्युप्रोपिऑन यांची एकत्र गोळी नैराश्यासाठी मंजूर झाली, हे खरं. डेक्स्ट्रोमेथॉर्फान एकटं घेतलं तर यकृत ते झपाट्यानं मोडून टाकतं, ब्युप्रोपिऑन ते मोडणं रोखतं, म्हणून जोडी. पण ब्युप्रोपिऑननं फिट येण्याचा धोका असतो. आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फान जर आधीच चालू असलेल्या नैराश्याच्या गोळ्यांसोबत मनानं घेतलं तर सेरोटोनिन वाढून माणूस गंभीर होऊ शकतो. खोकल्याच्या बाटलीनं हा उपचार घरी होत नाही. कुणी करून बघू नका.

केटामाइनचंही सांगून ठेवतो, कारण "मेडिकलमधून आणून कंपाउंडरकडून टोचून घेऊ" असं बोलणारे भेटतात. ते २०११ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आणि २०१३ पासून अनुसूची एक्स मध्ये आहे. वेगळा परवाना, दोन प्रतींत चिठ्ठी, त्यातली एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवायची, साठा कुलपात. हे नियम उगाच नाहीत. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांची मूत्राशयं कायमची खराब झालेली आहेत, सवय लागते ती वेगळीच. दवाखान्यात, नोंदीत, माणसं शेजारी असताना घ्यायची गोष्ट आहे ही.

संपादक
कृपया या धाग्यावर डोस विचारू नका आणि देऊ नका. कुणाच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. चर्चा चालू द्या.

विदा_पाहिजे
आतापर्यंतच्या चर्चेत पुराव्याची बाजू पातळ आहे, म्हणून लिहितो. २००० साली येलच्या गटानं अवघ्या सात रुग्णांवर पहिला अभ्यास छापला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झाराते यांनी १८ रुग्ण घेतले, त्यात केटामाइननंतर एका दिवसात ७१ टक्क्यांना चांगला गुण होता. डोळे दिपवणारा आकडा.

पण सलाईनमध्ये केटामाइन आहे की तुलनेसाठी दिलेलं बिनऔषधाचं मीठपाणी हे रुग्णाला लगेच कळतं. छत वर चाललं की तो समजतो, खरं औषध मिळालं. तिथं आशेचाच परिणाम किती? म्हणून २०१३ मध्ये मीठपाण्याऐवजी मिडॅझोलॅम हे गुंगी आणणारं औषध तुलनेला ठेवलं. एका दिवसानंतर केटामाइनला ६४ टक्के, मिडॅझोलॅमला २८ टक्के. फरक राहिला, पण २८ टक्के लोकांना केटामाइनशिवायच बरं वाटलं हेही लक्षात घ्या. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी आणखी पुढं जाऊन, शस्त्रक्रियेसाठी आधीच पूर्ण भूल दिलेल्या ४० रुग्णांना बेशुद्धीतच केटामाइन किंवा मीठपाणी दिलं, म्हणजे कुणालाच काही कळू नये. दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा झाली. अभ्यास लहान आहे, भुलीच्या इतर औषधांचा गोंधळ आहे, पण हा प्रश्न झटकून टाकता येत नाही.

शिवाय याच ग्लुटामेटच्या वाटेवरचं रॅपास्टिनेल नावाचं औषध सुरुवातीला फार गाजलं आणि २०१९ मध्ये मोठ्या चाचण्यांत साफ पडलं.

भूल_गडचिरोली
विदा, सगळं मान्य. फक्त एक जोडा: दोन औषधं फेल गेलेल्या माणसापुढं दुसरा पर्याय काय, याच्याशीही तुलना करायला हवी. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ४०३ रुग्णांचा अभ्यास आला, केटामाइन विरुद्ध इसीटी, म्हणजे डोक्याला विजेचा शॉक देऊन करायचा उपचार. तीन आठवड्यांनी केटामाइनच्या गटात ५५ टक्के, इसीटीच्या गटात ४१ टक्के लोकांना गुण होता. स्मरणशक्तीचा त्रासही केटामाइनला कमी. भ्रम-भास असलेले रुग्ण त्यात नव्हते, त्यांच्या बाबतीत हा निकाल लावू नका.

सीताफळ
शॉक?? अजून देतात? आमच्या लहानपणी गावातल्या एका काकांना चौघांनी धरून दिला होता असं ऐकलंय. नुसतं ऐकूनच कापरं भरतं.

भूल_गडचिरोली
भूल न देता शॉक द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच करतात, आणि ती भूल देणारा मीच असतो. जेवण-पाणी सोडलेल्या, जिवावर उठलेल्या माणसाला इसीटीनं परत आलेलं मी पाहिलंय. त्याला नावं ठेवू नका. टिपेश्वर, तुमच्या डॉक्टरांना हा पर्यायही विचारा.

पारावरचा
आमच्याकडं आधी "बाहेरचं" काढतात, मग डॉक्टर. मावशीला अमावस्येच्या अमावस्येला नेत होते, तोवर वर्ष गेलं.

आशा_तिवसा
मी देवळात जाऊ नका असं कधीच म्हणत नाही. म्हटलं तर माणूस माझ्याकडंही येत नाही. देवाला जा आणि येताना दवाखान्यात या, एवढं म्हणते. बऱ्याचदा येतात.

खरवड_घाटंजी
मी जाण्यायेण्याबद्दल लिहितो, कारण औषधावर सगळे बोलले आणि दीडशे किलोमीटरवर कोणीच नाही. माझ्या सासऱ्यांना दुसऱ्या आजारासाठी नागपूरला नेऊन आणतो, रस्ता तोच. केटामाइन घेतल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, दुसऱ्या दिवशी नीट झोप झाल्यावरच चालवायची. म्हणजे भाऊ स्वतः मोटरसायकलवर पांढरकवड्यापर्यंत येणार आणि तिथून यष्टी धरणार, हे जमणार नाही. दरवेळी सोबत एक माणूस. आठवड्यात दोनदा म्हणजे घरातली दोन माणसं दोन-दोन दिवस वावराबाहेर. तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत हे कठीण आहे. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी जमतं. नागपुरात नातेवाईक असेल तर तेवढे आठवडे तिथंच ठेवा. आणि सकाळचीच वेळ मागा. दुपारची घेतली तर दोन तास थांबून शेवटची गाडी हुकते.

नाकातला फवारा येतो त्याच औषधाचा, तो घरी घेता येत असेल तर बरं होईल.

औषधवाला_पुसद
नाही हो. तो एसकेटामाइनचा फवारा, अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मंजूर झालेला. तोही दवाखान्यातच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास तिथंच बसायचं अशी अट घालूनच मंजूर केलाय. फवारा आहे म्हणून घरी, असं नाही.

पऱ्हाटी
टिपेश्वरभाऊ, मी आदी मास्तराच्या बाजूनं बोललो. पन थ्या जयाताईचं वाचून जीव गलबलला. पोराले दूध देल्लं का, एवढं जरी माणूस इचारते ना, तं जाऊन पाहा बाप्पा. मायले मी समजावतो पायजे तर, फोन द्या.

टिपेश्वर
सगळ्यांचे खूप आभार. आईला मी भूल_गडचिरोली यांचं वाचून दाखवलं. सरकारी दवाखान्यात हे आधीपासून आहे हे ऐकून ती शांत झाली, मग स्वतःच म्हणाली, "मग ने त्याले."

आज डॉक्टरांशी फोनवर बोललो. इसीटीचं विचारलं. म्हणाले, आधी केटामाइन, चार वेळा देऊन काहीच फरक दिसला नाही तर तिथंच थांबवू आणि मग इसीटीचा विचार. हे "कुठं थांबायचं" आधी ठरलं म्हणून मला बरं वाटलं. गोळ्या चालू राहणार. त्यांना जोड म्हणून लिथियम नावाचं औषध द्यायचं का ते नंतर बघणार. नागपूरला मावसबहीण आहे, तिच्याकडं भाऊ आणि वहिनी राहतील. वावर मी आणि चुलतभाऊ बघतो.

विदा, तुमचं वाचून घाबरलो नाही. उलट पहिल्याच सलाईननंतर चमत्कार झाला तर नाचायचं नाही आणि नाही झाला तर खचायचं नाही, हे भावाला आणि वहिनीला दोघांनाही सांगितलं.

मास्तर, तुमचंही डोक्यात आहे. सोसायटीचं कर्ज पुनर्गठनाला टाकायचा अर्ज केला. भाऊ नागपुरात असताना तेही काम चालू राहील.

मास्तर_दर्यापूर
शाब्बास. अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. आणि आठवड्यात हालचाल झाली नाही तर मला निरोप करा, त्या कागदांची मला माहिती आहे.

जया_आर्वी
टिपेश्वर, एक राहिलं. गुण येतो त्या दिवसांत लक्ष सैल करू नका. बहिणीच्या वेळी आम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकून आपापल्या कामाला लागलो आणि ओसरायला लागलं तेव्हा ती घरी एकटी होती. पहिले काही आठवडे कोणीतरी सोबत राहू द्या. फवारणीची औषधं घरात ठेवू नका, शेजाऱ्याकडं किंवा कुलपात ठेवा. हे वहिनींनाही सांगा.

आशा_तिवसा
जयाताईंना +१००. आणि गावातल्या आशाताईंच्या कानावर घाला, त्या आठवड्यातून डोकावतील.

ज्वारी_खामगाव
उशिरा वाचला धागा. माझ्या आईला बीपी आहे, गोळी चालू आहे, आणि दोन औषधांनी गुण नाही. तिला हे चालेल का?

भूल_गडचिरोली
बीपी गोळीनं आटोक्यात असेल तर सहसा अडत नाही, नसेल तर आधी ते आटोक्यात आणतात, कारण सलाईन चालू असताना ते चढतं. हृदयाचा त्रास, रक्तवाहिनीला फुगा, पूर्वी कधी भ्रम-भास झालेले असणं, यातलं काही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा, नावं सांगण्यापेक्षा ते बरं.

ज्वारी_खामगाव
धन्यवाद डॉक्टरसाहेब. सोमवारी नेतो.